उलटा गुरुवार

माझ्या आयुष्यातली सगळ्यात कडाक्याची भांडणं मी ओमानमध्ये केली, आणि तीही अमेरिकेवरून. नवऱ्याशी नाही, सासूशी नाही, वरच्या मजल्यावर पहाटे मिक्सर लावणाऱ्या बाईशीसुद्धा नाही. दार्सैतहून रुसैलला जाणाऱ्या एका जुन्या गाडीत, मागच्या सीटवर बसून, मी पेन्सिल्व्हेनियातल्या मतदारांची बाजू घेऊन घसा फोडत असे. पेन्सिल्व्हेनिया नकाशात नेमकं कुठे आहे हे मला आज विचारलंत तर मी विषय बदलीन.

गाडी त्यांची होती. आम्ही त्यांना 'सिनेटर' म्हणत असू. हे नाव इब्राहिमभाईंनी ठेवलेलं. इब्राहिमभाई आमच्या कारखान्याचे स्टोअरकीपर, रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. सिनेटर वसईचे ख्रिस्ती, साठीला टेकलेले. मी डोंबिवलीची, दोघांपेक्षा खूप लहान. तिघंही रुसैलच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला आणि तिघंही राहायला दार्सैतला, म्हणून एका गाडीत. मी लॅबमध्ये होते आणि सिनेटर शेड पास करायचे. म्हणजे नवी बॅच आली की तिचा रंगवलेला पत्रा जुन्या नमुन्याशेजारी धरायचा आणि डोळ्यांनी सांगायचं, जमली की नाही. त्यासाठी मशीनही होतं, पण मशीन 'हो' म्हणालं आणि सिनेटर 'नाही' म्हणाले तर बॅच परत जायची. मस्कतमध्ये घरांना बहुतेक पांढरा किंवा फिक्कट क्रीम देतात, त्यामुळे आमचा मुख्य माल पांढरा. हा माणूस जन्मभर पांढऱ्यातला आणि पांढऱ्यातला फरक सांगत आला. यातून कुणाला मोठा अर्थ काढायचा असेल तर खुशाल काढावा. मी एकदा काढून बघितला होता, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, नोकरी आहे ती. अर्थबिर्थ काय नाय तिच्यात."

पहिल्या दिवशी मी गाडीत बसले, दार लावलं आणि नाव सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "नाव नंतर. जास्त मतं मिळूनसुद्धा तिकडे माणूस हरू शकतो. हे तुला बरोबर वाटतं?"

"तिकडे म्हणजे कुठे, अंकल?"

"तिकडे म्हणजे अमेरिकेत. दुसरीकडे कुठे?"

मी म्हटलं, मला त्यातलं काही माहीत नाही. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "माहीत नाही हे चालतं. पण मत नाही, हे या गाडीत चालत नाही. उद्यापर्यंत बनव."

हा माणूस अमेरिकेत कधीही गेला नव्हता. तरुणपणी ओमानमधल्याच सोहारच्या एका साइटवर रंगकामाचे सुपरवायझर होते, तिथला अमेरिकन फोरमन वाचून झालेली साप्ताहिकं त्यांना देत असे. वाळवंटात संध्याकाळी दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते ती जाहिरातींसकट वाचत. त्यातून हे वेड लागलं ते लागलंच. स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती, एक इथलं आणि एक ओहायोचं. तिकडच्या मतदानाच्या दिवशी ते टाय लावून कामावर येत आणि निकाल लागेपर्यंत जेवत नसत. एका निवडणुकीला निकाल काही केल्या लागेना, मोजणी लांबतच गेली, तेव्हा इब्राहिमभाईंनी स्टोअरचं दार लावून घेऊन त्यांना जबरदस्तीने खजूर चारले. "तुमी मेलात तं तिकडं कोन झेंडा खाली घेनार नाय," असं म्हणत.

आता हे सगळं हसण्यावारी नेता येईल, आणि कारखान्यात लोक न्यायचेच. पण मला हळूहळू एक गोष्ट कळली. आम्ही एका गाडीत एक ख्रिस्ती, एक मुसलमान आणि एक हिंदू. इथलं राजकारण बोलायचं नाही, कारण ज्यांच्या घरी पाहुणे आहोत त्यांच्या घरातलं काढायचं नसतं. गावाकडचं राजकारण बोलायचं नाही, कारण बोललो असतो तर महिन्याभरात तिघं तीन टॅक्सीतून गेलो असतो. मग बहुसंख्यांची मग्रुरी, अल्पसंख्यांची भीती, कोण खरा देशवासी आणि कोण उपरा, असली मनातली सगळी गरळ ओकायला जागा कुठली? अमेरिका. तिथे आमचं कुणीच नव्हतं, म्हणून सगळंच बोलता येत होतं. इब्राहिमभाई मेक्सिकोतून आलेल्या लोकांबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज बारीक व्हायचा, आणि ते मेक्सिकोबद्दल बोलत नाहीयेत हे तिघांनाही समजायचं. कुणी तसं म्हणत नसे. सिनेटर फक्त वेग थोडा कमी करायचे.

सिनेटरांचा मुख्य सिद्धांत असा, की तिकडचा सगळा घोळ अडाणी मतदारांनी केला आहे. वर्णद्वेष हा अक्कल कमी असल्याचा प्रकार. मत देण्याआधी परीक्षा पाहिजे. "इथे ड्रायव्हिंग लायसन्स काढताना ते ड्रम लावतात की नाही? त्यांच्यामधून गाडी उलटी घ्यायची, एका ड्रमला धक्का लागला की खलास, नापास. मी दोनदा नापास झालो. एका गाडीसाठी एवढं, आणि अख्खा देश चालवायला द्यायचा तर काहीच नको? मतदाराला पण ड्रम लावा!"

इब्राहिमभाई लगेच पेटायचे. "म्हंजे साहेबलोकांनी पेपर काढायचा आनि साहेबलोकांनीच तपासायचा. मंग पास कोन? साहेबाचा पोरगा. अवं, तिकडं टीव्हीवर बसून रोज त्यांना अडानी अडानी म्हनतात. मला कोन रोज अडानी म्हनेल तं मी मुद्दाम उलटं बटन दाबीन."

"बघ, स्वतःच कबूल केलंस! मुद्दाम उलटं दाबणाऱ्याला मत कशाला?"

"कारन तुमचं नाक वर हाय म्हनून."

वाटेतल्या बुर्जच्या चौकापर्यंत हे चालायचं. मी बहुतेक मध्ये पडायचे आणि दोन्हीकडून बोलणी खायचे.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता, आणि तो म्हणजे उलटा गुरुवार. गुरुवार हा आमच्या आठवड्याचा शेवटचा कामाचा दिवस. त्या दिवशी प्रत्येकाने समोरच्याची बाजू मांडायची. नुसती मांडायची नाही, अशी मांडायची की समोरच्याने म्हणावं, हे मला स्वतःलाही इतकं चांगलं सांगता आलं नसतं. तसं त्याने म्हटलं नाही तर संध्याकाळी परतताना पुन्हा मांडायची. "समोरच्याच्या डोक्यात शिरल्याशिवाय त्याला मूर्ख म्हणायचं नाय," ते म्हणायचे. "शिरून बाहेर आलात की मग खुशाल म्हणा."

हा नियम त्यांनी गाडीसाठी काढलेला नव्हता. तो मूळचा घरचा. त्यांची एकुलती मुलगी नोएला मस्कतमध्येच रुवीच्या शाळेत शिकत होती तेव्हापासून त्यांच्याकडे गुरुवारी रात्रीच्या जेवणाला हेच चालायचं. पोरीने कारलं का खाल्लं पाहिजे ते सांगायचं आणि तिच्या आईने ते का खाऊ नये ते. नोएलाचं मराठी अडखळत, त्यामुळे ती इंग्रजीत भाषण ठोकायची आणि आई वसईच्या बोलीत उत्तर द्यायची. इब्राहिमभाई तेव्हापासून त्या घरी जेवायला जात. नोएला त्यांना चाचा म्हणायची.

मी आले तेव्हा नोएला अमेरिकेत नर्स होती. तिचं लग्नही झालेलं होतं, आणि नवरा तिथलाच, काळा, शाळेत गणित शिकवणारा. ही बातमी सिनेटरांनी कारखान्यात स्वतः सांगितली होती, ओमानी हलव्याचे डबे वाटून. कुजबुज करणाऱ्यांना संधीच ठेवली नाही. "ज्यांच्या बापजाद्यांनी मत मिळवायला मार खाल्ला, त्यांच्यातला आहे माझा जावई," असं ते अभिमानाने सांगत. जावयाशी फोनवर तासन्‌तास वाद घालत. आपल्या सासऱ्याला आपल्या राज्याचा इतिहास आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे याची त्या बिचाऱ्याला गंमत वाटायची. नोएलाची आई तिच्या लग्नानंतर थोड्याच काळात गेली. मुलगी सोडली तर या माणसाला कुणीही उरलं नव्हतं. त्यामुळे नोएलाला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ते जवळजवळ वेडेच झाले. निवृत्ती आणि बाळंतपण एकाच हिवाळ्यात येत होतं. व्हिसा झाला, तिकीट काढलं, आणि शेड बघायच्या दिव्याखाली बसून ते लोकरीच्या टोप्यांचे रंग पारखायला लागले.

अशातल्या एका गुरुवारी काय झालं ते आता सांगायलाच हवं.

त्या दिवशी सिनेटरांवर इब्राहिमभाईंची बाजू आली. म्हणजे ज्याला ते आठवडाभर अडाणी म्हणत, त्या मतदाराची. त्यांनी गाडी पेट्रोल पंपाजवळच्या टपरीशी उभी केली, दाट, वेलची घातलेल्या करक चहाचे कप हातात आले, आणि ते सीटवर मागे वळून बसले. "मी आहे ओहायोचा मतदार," त्यांनी सुरुवात केली. "माझा कारखाना बंद पडला. माझ्या बापाने तिथे तीस वर्षं काढली. आता तिथे कुत्री झोपतात." इब्राहिमभाईंनी मोबाइल वर केला आणि रेकॉर्डिंग चालू केलं, कारण पहिल्या वाक्यालाच आम्हाला समजलं होतं की आज काहीतरी जमतंय.

आणि काय जमलं! असा गुरुवार पुन्हा झाला नाही. टीव्हीवरचा शिकलेला माणूस आपल्याला कसा हसतो, आपलं गाव कसं कुणाच्या हिशेबात नाही, हे ते अशा काही तळमळीने सांगत होते की इब्राहिमभाईंचे डोळे भरून आले. मग ते रंगाकडे वळले. आवाज खाली आणला, शेजाऱ्याला विश्वासात घेतल्यासारखा. "आता हे काळे लोक. माझं काय वैर नाय त्यांच्याशी. कामाला चांगले, गळा चांगला. पण घरात आणायचं म्हणजे? माणूस चांगला असेल हो, पण पोरं कशी निघतील? लाईट गेली की हस म्हणावं लागेल, तेव्हा कुठे सापडतील."

आम्ही तिघंही हसलो. व्हिडिओत ते हसणं आहे, माझं सगळ्यात मोठं. हसू आलं कारण ओहायोचा मतदार अचानक आमच्या चाळीतल्या काकांसारखा बोलायला लागला होता. इब्राहिमभाईंनी त्यांचा हात धरून हलवला आणि म्हणाले, "शिनेटर, हे मला सात जन्मात सांगता आलं नसतं. खलास!"

त्या आनंदात इब्राहिमभाईंनी तो व्हिडिओ नोएलाला पाठवला. कुणा गटावर नाही, दुसऱ्या कुणाला नाही, फक्त तिला. बापाची कमाल तिने बघावी म्हणून. गुरुवार म्हणजे काय हे जगात आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक असेल तर ते तिला. पाठवण्यात त्यांची काही चूक होती असं मला अजूनही म्हणवत नाही.

रविवारी सकाळी आम्ही हायवेला लागलो आणि तिचा फोन आला. गाडीतला फोन स्पीकरवरच असायचा.

"पप्पा, गाडीत कोण कोण आहे?"

"आपलेच. इब्राहिमचाचा आहे, तुझी ताई मागे आहे."

"असू देत. त्यांच्यासमोरच बोलते."

इब्राहिमभाई खुशीत पुढे वाकले. "बघितलंस काय गो? बापूस काय बोललाय तुझा!"

"बघितलं चाचा. आम्ही दोघांनी बघितलं. याला मराठी कळत नाही ना, म्हणून मी ट्रान्सलेट करत होते, लाइन बाय लाइन. फॅक्टरी, डॉग्ज, टीव्हीवाले लोक. याला खूप आवडत होतं. म्हणाला, युअर डॅड इज सो गुड. मग पुढचं मला ट्रान्सलेट करता येईना."

"अगं, गुरुवार होता तो," सिनेटर म्हणाले.

"आय नो पप्पा. मला गुरुवार नको शिकवूस, मी त्याच्यावर मोठी झाले. पण गुरुवारी दुसऱ्याची वाक्यं बोलायची असतात. लाईटचा जोक अमेरिकेतला नाहीये. तो आपला आहे. वसईला गेलो की लाईट जायची आणि तू म्हणायचास, काळुंद्री, हस, म्हणजे सापडशील. आणि मी हसायचे. दात दाखवून हसायचे, यू रिमेंबर?"

सिनेटरांनी सिग्नल दिला आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती.

"आणि 'पोरं कशी निघतील'? ते कुठून आणलंस?"

रेडिओवर ऐकलं, असं ते म्हणू शकले असते. आम्ही तिघांनीही विश्वास ठेवला असता, आणि कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. पण वादात खोटा पुरावा आणायचा नाही, ही त्यांची जन्माची खोड.

"तुझ्या मम्मीला म्हणालो होतो," ते म्हणाले. "तू त्याचा फोटो पाठवला होतास, त्या दिवशी."

"मम्मी काय म्हणाली?"

"काय नाय. बरेच दिवस बोललीच नाय माझ्याशी."

मग नोएला म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं, "पप्पा, मला माहीत आहे तू आता तसा नाहीस. याच्यावर तू प्रेम करतोस. पण तू आत्ता नको येऊस. बाळाला तू पहिल्यांदा बघशील ना, तेव्हा मी बाळाकडे बघणार नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघेन. मला तसं नको आहे. त्या दिवशी मला बाळाकडे बघायचं आहे."

मी सिनेटरांना इतकी वर्षं वाद घालताना बघितलं. हरताना बघितलं, चिडताना बघितलं, पण लगेच मान्य करताना कधीच नाही. त्या दिवशी ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं, बेटा." आणि फोन बंद झाल्यावर गाडी सुरू करायला त्यांना किल्ली सापडेना. ती लागलेलीच होती.

इब्राहिमभाई रडायला लागले. सत्तर किलोचं पोतं खांद्यावर घेणारा माणूस, पण लहान मुलासारखा. "माझे हात तुटले असते तं बरं झालं असतं," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. सिनेटर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "इब्राहिम, तू काय बनवून नाय पाठवलंस. जे होतं तेच पाठवलंस."

त्यानंतर गुरुवार बंद झाले. कुणी बंद करू म्हटलं नाही, फक्त पुढच्या गुरुवारी कुणी बोललं नाही. अमेरिकाही हळूहळू संपली. मी एकदा मुद्दाम विषय काढला, कुठल्याशा राज्यातल्या निवडणुकीचा. मला वाटलं, चिडतील, ओरडतील, जरा जीव येईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मतदाराला परीक्षा पाहिजे म्हणायचो ना मी? त्या परीक्षेत मी पहिला आलो असतो, पोरी. सगळ्या राज्यांच्या राजधान्या, घटनेतल्या दुरुस्त्या, कुणाला कधी मत मिळालं, सगळं पाठ. एकाही ड्रमला धक्का लागला नसता. आणि घरी येऊन मी पोरीला काळुंद्री म्हणत होतो. लाडाने हां. लाडानेच म्हणत होतो."

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही आली होती, आणि दोन्ही एकाच वेळी सांभाळणं मला जमत नव्हतं. मीही सावळीच आहे. माझ्या आजोळी मला काय काय म्हणत ते मी त्यांना सांगू शकले असते. त्याने त्यांना बरं वाटलं असतं, सगळीकडे असंच असतं म्हणून. म्हणूनच मी ते सांगितलं नाही.

बाळ झालं ते निवृत्तीला थोडे दिवस असताना. दुपारची वेळ, तिकडे उजाडायचं होतं. सिनेटर धावत माझ्या लॅबमध्ये आले, कारण कारखान्यात चांगलं नेटवर्क तिथेच यायचं. फोन वाजत होता. त्यांनी तो माझ्या टेबलावर ओल्या पत्र्यांच्या मध्ये उभा केला, चष्मा पुसला, आणि कॉल घ्यायच्या आधी डाव्या हाताचा अंगठा त्या छोट्या कॅमेऱ्यावर ठेवला. मी शेजारीच होते.

पडद्यावर नोएला दिसली, दमलेली, केस कपाळाला चिकटलेले, आणि तिच्या छातीवर एक मुलगी. चांगली काळीसावळी, मुठी आवळलेली, जगावर चिडलेली.

"पप्पा? तू दिसत नाहीस."

"नेटवर्क आहे, बेटा. मला दिसतंय. तू दिसतेस. ती पण दिसते."

आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. कसं सांगू? पत्रे पारखताना त्यांचं तोंड मी रोज बघत असे, डोळा बारीक, ओठ मिटलेले. त्यातलं तिथे काहीच नव्हतं. तोंड उघडं, पाणी चष्म्याखालून मिशीत उतरतंय, आणि हसणं असं की मला त्यांच्याकडे बघायचा संकोच वाटला. त्या चेहऱ्यात शोधूनसुद्धा दुसरं काही सापडलं नसतं. मी शोधलं, खोटं कशाला बोलू. काही नव्हतं. "नाक मम्मीचं आहे गे," ते म्हणत होते, "बाय माझी, नाक बघ मम्मीचं आहे." अंगठा मात्र कॅमेऱ्यावर घट्ट, नख पांढरं पडेपर्यंत.

कॉल संपला आणि मी अक्षरशः ओरडले त्यांच्यावर. "अंगठा का ठेवलात? तिला बघायचं होतं तेच तर होतं तुमच्या तोंडावर!"

"मला काय माहीत, माझं तोंड काय करणार होतं ते," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला माहीत आहे असं वाटत होतं. तिच्यासमोर ते चुकलं असतं तर?"

"नाही ना चुकलं. लावा फोन परत. आत्ताच्या आत्ता लावा."

त्यांनी मान हलवली. "पहिली वेळ गेली, पोरी. आता दाखवलं तर तो देखावा झाला."

मी इब्राहिमभाईंना बोलावून आणलं, त्यांनी विनवण्या केल्या, शेवटी शिव्याही दिल्या. काही उपयोग झाला नाही.

निवृत्तीनंतर ते वसईला गेले. गाडी इब्राहिमभाईंनी घेतली. नोएलाचं मन पुढे निवळलं, तिने स्वतःहून बोलावलं, ये म्हणून, आता ये. पण आता ते पुढे ढकलायला लागले. आधी ब्लडप्रेशरची गोळी बदलायची होती, मग विहिरीची मोटर बिघडली, मग चर्चच्या सणाला थांबायचं होतं. जो माणूस ओमानच्या हायवेवर अख्ख्या अमेरिकेशी भांडला, त्याला विमानतळाच्या एका दारातून बाहेर पडून आपल्या पोरीसमोर उभं राहायची भीती वाटत होती. व्हिडिओ कॉलवर ते खिडकीकडे पाठ करून बसायचे म्हणे. तोंड अंधारात. नोएलाला वाटायचं, म्हातारपणी माणसाला फोन धरता येत नाही.

ते गेले दुपारी जेवण झाल्यावर, खुर्चीत. फोन आला तेव्हा आम्ही रुसैलच्या गेटवर होतो. इब्राहिमभाईंनी गाडी बंद केली, आम्ही आत तसेच बसून राहिलो. मागून हॉर्न वाजायला लागले तरी कुणाला पुढे जायचं सुचेना.

नोएला मातीला पोचली आणि परत गेली. पुढे काही आठवड्यांनी तिने मला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, एक विचारू? बाळ झालं त्या दिवशी पप्पा तुमच्या लॅबमध्ये होता ना? नेटवर्क खरंच खराब होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

आणि मग मी तिला सगळं सांगितलं. अंगठा, चष्मा, मिशीत उतरलेलं पाणी. नाक मम्मीचं आहे म्हणून किती वेळा म्हणाले ते. मी त्यांच्या तोंडावर काय शोधलं आणि ते कसं नव्हतं.

"मग मला का नाही बघू दिलं त्याने?" ती शेवटी म्हणाली. "मला तेवढंच तर बघायचं होतं."

माझ्याकडे उत्तर होतं. त्यांनीच दिलेलं. पण ते तिला सांगायला माझी जीभ रेटेना, कारण त्यांना भीती तिच्याच एका वाक्याची वाटली होती, 'मी तुझ्या तोंडाकडे बघेन' या, आणि ते वाक्य खोटं नव्हतं. पलीकडे खोलीत बाळ उठलं आणि रडायला लागलं. मी म्हटलं, जा, घे तिला, आपण नंतर बोलू.

"नको ताई, फोन नका ठेवू," ती म्हणाली.

मी ठेवला नाही. पलीकडून रडण्याचा आवाज येत राहिला, आधी एकीचा, मग दोघींचा.